कौसाच्या उरलेल्या गोळ्या

कौसा गेली तेव्हा मी दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात उभा होतो. हातात नव्या इंजेक्शनची चिठ्ठी. दुकानदार म्हणत होता, हे परभणीत मिळत नाही, नांदेडहून मागवावं लागंल. तेवढ्यात लेक सुमन जिना उतरून आली. रडत नव्हती. "आबा, चिठ्ठी राहू द्या," एवढंच म्हणाली… मला कळलं. तरी मी दुकानदाराला म्हटलं, "मागवा तुमी."

तुमची बायको कशानं गेली, असं पेडगावात लोक विचारतात. मी सरळ सांगतो, लघवीच्या जळजळीनं. त्यांना खरं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं. हा त्रास तिला अधूनमधून व्हायचाच. डॉक्टर गोळ्या द्यायचे, ती एक-दोन दिवस घ्यायची, आणि जळजळ थांबली की पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या कात्रीनं कापून चहापत्तीच्या डब्यात ठेवायची. भाकरीचा तुकडा वाया जाऊ न देणारी बाई, ती गोळी कशी टाकंल? आळीत कुणाला ताप आला, कुणाची दाढ सुजली, की त्या डब्यातली गोळी जायची. मी म्हणायचो, "डॉक्टरीणच झालीस की गं." ती म्हणायची, "मग तुमी कंपाउंडर व्हा, पाणी आणा."

या वेळी गोळीनं काही थांबलं नाही. हुडहुडी भरून ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली. म्हणाल्या, ताटलीत जंतू वाढवायचे, त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या, ज्या चकतीभोवती जंतू मरतील ते औषध द्यायचं. आम्ही त्या ताटलीची वाट बघत बसलो. ताप उतरेना. सुमन सारखी जाऊन विचारायची. आणि निरोप काय आला, तर ताटलीत नीट उगवलंच नाही. औषधांशी झुंजता झुंजता हे जंतूच बदललेत, नेहमीच्या खाद्यावर वाढत नाहीत, वेगळं खाद्य घालून पुन्हा लावलंय. म्हणजे अजून थांबा… मी कपाळाला हात लावला. कौसा मात्र तापातही हसली. "मला घास जाईना, अन् त्यांचे नखरे बघा!"

दुसऱ्या ताटलीत उगवले. कसे, तर जवळजवळ सगळ्या चकत्यांना चिकटून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात, आणि पुढं त्यांचीच पिलावळ वाढते. कौसा ऐकत होती. दर साली ज्वारीची भरली कणसं निवडून बियाण्याला बाजूला काढणारी बाई ती. माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी बियाणं मीच राखलं की वो." मी म्हटलं, "गप. बोलू नको, दम लागायलाय तुला." एक इंजेक्शन तेवढं चालण्यासारखं होतं. त्याचीच ती चिठ्ठी.

तेरावा झाला, पाहुणे गेले. लोक अजून दारात येऊन तिलाच हाक मारतात, मग जीभ चावतात. परवा शेजारची शेवंता आली, सुजलेला गाल धरून.

"मामा, मामीच्या गोळ्यांतली एखादी द्या की."

"न्हाई."

"अवो, मामी कधी न्हाई म्हनल्या न्हाईत."

"म्हनूनच मी म्हनायलोय."

ती रुसून वळली. ते मला बघवेना. कौसानं दारातून कुणाला असं रिकाम्या हातानं लावून दिलं नव्हतं… मी टोपी घातली, पायताण शोधलं. "थांब शेवंता. चल, डॉक्टरकडं जाऊ, मी येतो संगं. अन् जेवढ्या गोळ्या देतील तेवढ्या गिळायच्या. दुखायचं थांबलं तरी गिळायच्या."

"अन् इसरले तर?"

"तर रोज तुझ्या दारात उभा राहून हाका मारीन."

गाल धरूनच हसली ती. "मामीपरीस खट हायेत तुमी," म्हणाली, आणि निघाली पुढं.