बूडबघे सर

सर कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करून पाहायचे. मग तो मिक्सर असो, नाहीतर आम्ही महिनाभर खपून केलेलं मॉडेल. “तोंड सगळेच रंगवतात. बूड दाखवा,” म्हणायचे. त्यामुळे कॉलेजात त्यांचं नाव पडलं बूडबघे सर.

गंगापूर रोडच्या पुढे आमचं कॉलेज. तिथे सर नवी वस्तू कशी घडवायची ते शिकवायचे आणि त्यासाठी वेगवेगळ्या शाखांची पोरं एका गटात कोंबायचे. मी मेकॅनिकलची, तन्वी डिझाइनची, रोहन बीकॉमचा आणि भूषण शेतकीचा. पहिले पंधरा दिवस आम्ही नुसते भांडलो. मी तक्रार घेऊन गेले, तर म्हणाले, “तुला एकटीला सगळं कळत असतं तर बाकीच्यांना कशाला आणलं असतं?”

मग त्यांनी आम्हाला भूषणच्या गावी, नामपूरला नेलं. कांद्याच्या खळ्यावर बायका उकिडव्या बसून सडके कांदे निवडत होत्या. सरांनी आम्हालाही बसवलं, अख्खा दिवस. सडका कांदा बोटांत फुटतो, त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळतं, वास केसांत जाऊन बसतो. मला दोनदा ओकारी आली. शेजारच्या सुमनबाई हसल्या. “वासनी सवय व्हई जास, पोरी. कंबर मातर मोडी जास.”

परतताना बसमध्ये सर एवढंच म्हणाले, “त्यांनी तुम्हाला काम सांगितलं. ऐकू आलं का?”

आलं होतं. चार महिन्यांत आम्ही उभ्यानं कांदे निवडायचं टेबल केलं. सुमनबाईंनी ते तीनदा नापास केलं. चौथ्यांदा दुपारभर त्यावर काम केलं आणि म्हणाल्या, “हाई ठेवी जा.” सर म्हणाले, कॉलेजचं प्रदर्शन झालं की लगेच आणून देऊ.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी कॉलेजचे संचालक टेबल बघायला आले. “यात हायटेक काय आहे? मोठे पाहुणे येणार आहेत.” त्यांनी टेबलावर हिरवे आकडे पळणारी एक स्क्रीन बसवायला सांगितली. सर परीक्षेच्या कामानं बाहेरगावी होते. भूषण एकटाच म्हणाला, “सरांना विचारू ना.” मी म्हणाले, “बक्षीस सर देणार नाहीयेत.” हे वाक्य माझं.

प्रदर्शनाच्या दिवशी सर आले आणि सवयीनं टेबलाखाली वाकले. स्क्रीनची वायर बॅटरीला जोडलेली होती; बाकी कशालाच नाही. ते सावकाश उभे राहिले. पाहुणे शेजारीच होते.

“ही काय मोजते?” त्यांनी मला विचारलं.

“आर्द्रता, सर.”

पाहुणे वा वा म्हणाले. सर त्यांच्याकडे वळले. “टेबल खरं आहे. ही स्क्रीन खोटी आहे.” संचालक मोठ्यानं हसले. “आमच्या सरांना विनोदाची भारी हौस!” पाहुणे हसले. मग आम्ही चौघंही हसलो. त्या हसण्याइतकं घाण काम मी आयुष्यात केलेलं नाही.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. टेबल कॉलेजच्या दर्शनी हॉलमध्ये काचेआड गेलं. पुढच्या सत्राला सरांची नेमणूक झाली नाही. त्यांचा विषय आता एक कंपनी दोन दिवसांत शिकवते, शेवटी ग्रुप फोटो.

मी पंचवटीतल्या त्यांच्या घरी गेले. सामानाची बांधाबांध चालली होती. ते मुलीकडे कोल्हापूरला निघाले होते. मी माफी मागितली.

“बक्षीस परत केलंस?”

“नाही, सर.”

“सुमनबाईंकडे गेलीस?”

“नाही.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस?” आवाजात राग नव्हता. चहा मात्र त्यांनी स्वतः करून पाजला.

दुसऱ्या दिवशी मी नामपूरची बस धरली. सुमनबाई खळ्यावर नव्हत्या. कंबरेमुळे उठवत नाही म्हणून दोन महिने अंथरुणावर होत्या. त्यांच्या जागी त्यांची सून उकिडवी बसून कांदे निवडत होती. मी कोण, कशासाठी आले, काहीच न विचारता तिनं थोडं सरकून मला बसायला जागा करून दिली.