एकटा एक्का

गोकुळाष्टमीच्या दुपारी आमच्याकडे चिंचोके लावून तीन पत्ती चालते. यंदा आत्याही खेळायला बसली. ती वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं नाही, आमच्यातच राहते. तिने पत्ते उघडले, तर इस्पिकचा एक्का, बदामचा राजा आणि चौकटची सत्ती. चिंचोके ओढायला तिने हातही पुढे केला.

काकूने दोन दुऱ्या आणि एक पंजी तिच्यासमोर टाकली. "तुमचा एक्का एकटा आहे, वन्सं. दुऱ्यांची का असेना, जोडी ती जोडी."

सगळे हसले.

दुर्री म्हणजे खरं तर डावातला गाळ. पण तिच्यासारखीच आणखी एक भेटली, की ती एक्क्याच्याही डोक्यावर बसते. तिने काही कमावलेलं नसतं, ती फक्त एकटी नसते. घरात सवाष्णींची पानं मांडली जातात, तेव्हा आत्या वाढायला उभी असते.

तिने समजल्यासारखी मान हलवली. "म्हणजे दुसरा एक्का यायची वाट बघायची."

"आता कुठला यायला, वन्सं," म्हणत काकूने पत्ते पिसायला घेतले.