औषधांच्या कपाटाची मोजणी

घरात तिला घाईबाई म्हणत. नाव आत्याने ठेवलं होतं आणि ते उगाच नव्हतं. शाळेत बाईंचा प्रश्न पुरता फळ्यावर उतरायच्या आत हिचा हात वर. पाढे, गुणाकार, टक्केवारी, सगळं तोंडावर. शाळा संपल्यावर तिने विद्यापीठात गणित घ्यायचं ठरवलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. वायरमन असलेल्या बाबांनी फक्त हातातला टेस्टर खाली ठेवून विचारलं, “गणित शिकून करणार काय? बेरीज तर तुला येतेच.”

प्राध्यापक होईन, असं तिने सांगितलं, कारण गणित शिकून माणसं दुसरं काही होतात हे तिने पाहिलेलं नव्हतं.

पहिल्याच चाचणीत तिला साठपैकी चौदा गुण मिळाले. उत्तरं बहुतेक बरोबर होती. पण बीजगणिताच्या बाईंनी हिरव्या शाईने दोन पानांत अकरा वेळा एकच शब्द लिहिला होता : “का?” घाईबाईने तो पेपर घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला आणि निकाल लागायचा आहे असं घरी खुशाल ठोकून दिलं.

मग ती हळू व्हायला शिकली. ते सोपं नव्हतं. धावणाऱ्या माणसाला रांगेत उभं करावं तसं होतं. एकेका ओळीपाशी थांबायचं, ही कशावरून आली ते विचारायचं आणि उत्तर सापडेपर्यंत पुढची ओळ लिहायची नाही. दुसऱ्या वर्षी एका सिद्धतेने तिचे नऊ दिवस खाल्ले. दहाव्या दिवशी ती ताठ मानेने फळ्यापाशी गेली, सगळं लिहून काढलं आणि शेवटच्या ओळीवर येताच तिचं तिलाच दिसलं की तिसरी ओळ खोटी आहे. तिने बाईंकडे पाहिलं. बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

“चूक सापडली ना? मग पुसा.”

“बाई, तुम्ही...”

“मी पुसली तर मला सापडली असं होईल. तुमची चूक आहे, मान तुमचा.”

वर्ग हसला, तीही हसली आणि तिने तिसऱ्या ओळीपासून खालचं सगळं पुसलं. त्या दिवशी आपल्याला फार लाज वाटायला हवी होती आणि तेवढी वाटली नाही, हे घरी जाताना तिच्या लक्षात आलं.

घरी या सगळ्याचा परिणाम वेगळाच झाला. आत्याने “भाजीत मीठ बरोबर आहे का गं?” म्हणून विचारलं, तर ही दोन घास खाऊन मग सांगायची. आत्या म्हणायची, “विद्यापीठाने पोरीची जीभ ठेवून घेतली की काय? हो-नाही सांगायला पंचांग बघते!”

पदवी झाली. पुढच्या शिक्षणाआधी वर्षभर नोकरी करावी म्हणून ती एका मोठ्या रुग्णालयाच्या कार्यालयात लागली. सहा महिने उमेदवारी, मग कायम. काम होतं कामाच्या याद्या करायचं : कोणत्या दिवशी कोण, कुठे, कुणाबरोबर. कार्यालयाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते भले होते, पण चार महिने एका यादीने त्यांना जेरीस आणलं होतं.

यादी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातल्या कपाटाची होती. त्यात तीव्र वेदनेवरची औषधं कुलपात असत. ती दोघांनी मिळून मोजायची, दोघांनी वहीत सही करायची. सिस्टरांनी भांडून एक नियम करून घेतला होता : प्रत्येकीने महिन्यातून तीनच मोजण्या करायच्या, आणि तिन्ही वेळा जोडीला माणूस वेगळा. कुणावर जास्त बोजा नको आणि त्याच त्या दोघींची गट्टी नको. वॉर्डात दहा सिस्टर होत्या तोवर हे सुरळीत चाललं. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, नऊ उरल्या आणि घडी विस्कटली. साहेब कितीही खाडाखोड करोत, कुणा एकीला तरी दोनच मोजण्या येत, नाहीतर चार. मग वॉर्डातून फोन : “साहेब, तुम्हाला तीन मोजता येत नाहीत का?”

साहेबांनी तो कागद घाईबाईसमोर टाकला. “बघा जमतंय का. तुम्ही गणितवाल्या.”

तिने लगेच पेन्सिल उचलली नाही. आधी स्वतःला विचारलं, हे जमणारं आहे का? नऊ जणी, प्रत्येकीच्या तीन मोजण्या, म्हणजे यादीत एकूण सत्तावीस नावं हवीत. पण प्रत्येक मोजणीला नावं लागतात दोन. म्हणजे नावं दोनदोनने वाढणार : चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. सत्तावीस कधीच यायचे नाहीत. दहा जणींचे तीस होत होते म्हणून तेव्हा जमत होतं.

तिने हे अर्ध्या पानात नीट लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे मला जमत नव्हतं, असं नाही तर!”

“नाही साहेब. कुणालाच जमलं नसतं.”

“हे मी फ्रेम करून लावणार आहे,” साहेब म्हणाले.

फ्रेम केली नाही, पण त्यांनी त्याहून पुढचं केलं. नियमच अशक्य असेल तर तो रद्द करावा आणि सगळ्या मोजण्या कायमच्या दोन धाकट्या सिस्टरांकडे द्याव्यात, असा प्रस्ताव त्यांनी लिहिला आणि घाईबाईचं अर्धं पान त्याला जोडलं. शुक्रवारी रुग्णालयाच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाई, त्यावर सही करणार होत्या. घाईबाईच्या कायम होण्याचं पत्रही शुक्रवारीच त्यांच्यापुढे जाणार होतं. “सोबतच ठेवतो,” साहेब कौतुकाने म्हणाले.

गुरुवारी दुपारी वॉर्डातली सगळ्यात धाकटी सिस्टर कार्यालयाच्या दारात उभी राहिली.

“गणितवाल्या मॅडम तुम्हीच ना? चला जरा वर.”

“का?”

“आमच्या गळ्यात काय बांधलंत ते दाखवते.”

घाईबाई गेली. आपलं म्हणणं समजावून सांगितलं की सिस्टर शांत होतील, असं तिला वाटत होतं. सिस्टरने कपाट उघडलं आणि जाडजूड वही तिच्यापुढे आपटली. “एकेक गोळी मोजायची, एकेक सुई. तास जातो. तीन वेळा ठीक आहे, महिनाभर आम्हीच दोघी? त्यात माझी चौथी तर तुम्ही धरतच नाही.”

“चौथी कुठली?”

“औषधवाल्या काकांबरोबरची! महिन्यातून एकदा येतात ना मुदत संपलेलं बघायला. आधी मोठ्या सिस्टर करायच्या, मुकाट्याने, यादीबाहेर. त्या गेल्या आणि माझ्या नशिबी आली.”

घाईबाईने पान उलटलं. औषधभांडाराच्या फार्मासिस्टची गोल, ठसठशीत सही तिथे होती. मागच्या महिन्यातही होती, त्याच्या मागच्याही.

“ते नुसती सही करतात की मोजतात?”

“मोजतात म्हणजे? माझ्यासमोर बसून, चष्मा पुसत पुसत.”

घाईबाई स्टुलावर बसली. तिचा हिशेब बरोबर होता, पण त्याच्या आधीची ओळ खोटी होती. जोडीला माणूस नवांतलाच असला पाहिजे, असं नियमात कुठेही नव्हतं. ते तिने धरून चाललं होतं, कारण तिच्यापुढच्या कागदावर नावं नऊच होती. काकांची मोजणी यादीत घेतली की एका सिस्टरची एक मोजणी तिकडे जाते, उरतात सव्वीस नावं, म्हणजे तेरा जोड्या. तिने वहीच्या मागच्या कोऱ्या कागदावर करून पाहिलं. दहा मिनिटांत यादी तयार झाली. नऊ जणी, प्रत्येकीच्या तीन, जोडीला माणूस दरवेळी वेगळा.

“जमतंय की हो!” सिस्टर वाकून बघत म्हणाली. “मग खाली अशक्य का लिहिलंत?”

“कपाट बघितलं नव्हतं.”

जिना उतरताना तिच्या मनात आलं की चूक अजून कुणालाच ठाऊक नाही. कायम झाल्यावर, महिनाभराने, नवी युक्ती म्हणून ही यादी पुढे करता आली असती. शाबासकीच मिळाली असती. पण तोवर प्रस्तावावर सही झालेली असणार, आणि एकदा गेलेला नियम सिस्टरांना परत कोण देणार होतं? ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. “तुम्हीच म्हणालात, कुणालाच जमलं नसतं. मी वरपर्यंत सांगून बसलोय.”

“हो साहेब. ते चुकीचं होतं.”

“उद्या हे तुम्ही स्वतः सांगायचं. मी तोंड उघडणार नाही.”

शुक्रवारी तिने सांगितलं. आधी अर्धं पान वाचलं, मग कुठली ओळ चुकली ते दाखवलं, मग नवी यादी पुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“चूक काढली कुणी?”

“सिस्टरनी कपाट उघडलं, तेव्हा मला दिसली.”

प्रस्ताव मागे घेतला गेला आणि नियम राहिला. घाईबाईचं पत्र मात्र डॉक्टरीणबाईंनी बाजूला सारलं : उमेदवारी आणखी तीन महिने. “जागेवर न जाता अशक्य लिहिणाऱ्या माणसाला मी एवढ्यात कायम करत नाही,” त्या म्हणाल्या. हे घाईबाईला लागलं, आणि पटलंही.

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. आत्या उसळली, “खरं बोलल्याची शिक्षा? हे कुठलं रुग्णालय!”

“आत्या, शिक्षा घाईची आहे,” ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. “बाबा, मला प्राध्यापक नाही व्हायचं.”

बाबा दचकले. “गणित सोडतेस?”

“नाही. कामाची वाटणी कशी करायची, कोणती यादी जमते, कोणती जमत नाही, याचंच एक गणित आहे. संध्याकाळच्या वर्गात शिकवतात. नोकरी सांभाळून ते करते.”

बाबांनी विचारलं, “दोन्ही झेपेल?”

“माहीत नाही. पहिल्या सहामाहीनंतर सांगते.”

सोमवारी साहेबांनी नवा कागद तिच्या टेबलावर ठेवला. शस्त्रक्रिया विभागाची यादी होती, तीही अडलेली. ती हातात घेऊन घाईबाई तळमजल्यावर गेली. तिथल्या सिस्टर हातमोजे काढत होत्या.

“सिस्टर, एक विचारू? यादीत नाव नसताना इथे काम कोण कोण करतं?”

सिस्टरने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. “बसा,” त्या म्हणाल्या, “वेळ लागेल.”