ड्रॅगनचे चव्वेचाळीस दात

कवळीताईंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, दात राहत. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" म्हणून हात केला की त्या गोंधळून बघत राहायच्या. तोच माणूस हसला की मात्र लगेच, "अगंबाई, तुम्ही होय! तो वरचा डावा सुळा गप्प बसला ना आता?"

एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. खिडकीशी टेबल, पॉलिशची मोटर, मेण पातळ करायचा छोटा दिवा, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने पेशंटचा नंबर. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घ्यायचे, मागे ताई मेणात एकेक दात बसवायच्या. "सगळे दात सरळ लावले की माणूस हसताना कुंपण दिसतं," त्या म्हणायच्या. "एक तरी जरा वाकडा हवा." त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण गल्लीने कवळीताई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चांगलं घट्ट बसलं.

लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली त्यांची. ॲनिमेचा नाद लागला तो भाचीमुळे. भाची अकरावीत असताना पाय मोडून पाच आठवडे अंथरुणावर होती. तिच्या सोबतीला बसायचं म्हणून ताईंनी तिच्याबरोबर एक जपानी मालिका बघायला घेतली. घंटा ओतणारी एक मुलगी आणि तिचा म्हातारा, खवचट ड्रॅगन, दोघं मिळून धुक्यात हरवलेली गावं शोधत फिरतात, अशी गोष्ट. पायाचं हाड जुळलं तोवर पंचवीस भाग संपले होते, आणि पुढचा सीझन कधी येणार हे भाचीपेक्षा ताईच जास्त वेळा विचारत होत्या.

तो यायला चार वर्षं लागली. तोवर भाची नोकरीला दुसऱ्या शहरात गेली होती.

"आत्या, मला मान वर करायला वेळ नाही गं," तिने फोनवर सांगितलं. "तू बघ आणि मला लिहून पाठव. कसा आहे ते खरं खरं लिही हं. उगाच गोड नको."

ताईंना गोड लिहिता येत नव्हतंच. दर शनिवारी दवाखाना दुपारी बंद झाला की त्या घरी येऊन नवा भाग बघायच्या आणि भाचीला रिपोर्ट पाठवायच्या. भाऊ पेपराआडून म्हणायचा, "पन्नाशी उलटली बाईची आणि कार्टून बघतेय."

"तू रोज तीन तास बातम्या बघतोस, मी कधी बोलले?" ताई म्हणायच्या. भाऊ पेपर उलटायचा.

पहिले दोन भाग दृष्ट लागण्यासारखे होते. धुकं असं काढलं होतं की ताईंनी पदराने चष्मा पुसला. तिसऱ्या भागात जरा घसरगुंडी झाली. आणि चौथ्या भागानंतर त्यांनी जे लिहिलं ते असं:

"भाग चौथा. पुलावरची लढाई. चाळीस हजारांचं सैन्य आलं असं सांगतात. मी बघितलं, आठ जण आलेत, बाकीच्यांना नुसता रंग दिलाय. घोडे धावत नाहीत, मागचा डोंगर धावतो. सेनापती बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत, दाढी हलते, आत उंदीर शिरल्यासारखी. मुलीला जवळून नाक आहे, लांबून नाही. सर्दी होऊ नये म्हणून काढून ठेवत असेल. ड्रॅगनने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा अडतीस दात. दुसऱ्यांदा एक्कावन्न. तिसऱ्यांदा दातच नाहीत, एक सलग पांढरी पट्टी. आधीच्या सीझनमध्ये चव्वेचाळीस होते, मी थांबवून दोनदा मोजलेत. हा पेशंट माझ्याकडे आला असता तर आधी कोणाकडे जात होता ते विचारलं असतं, म्हणजे आपण तिकडे जायला नको."

भाची ऑफिसात हे वाचून इतकी हसली की शेजारच्याने पाणी आणून दिलं. तिने तो रिपोर्ट प्रेक्षकांच्या एका साईटवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या कवळीताई'. सोमवारपर्यंत तो हजारो लोकांनी वाचला. कुणी म्हणालं, ताई, पुढच्या वेळी घोड्यांचेही दात मोजा. कुणी आपल्याच दातांचा फोटो पाठवून मत विचारलं. ताईंनी त्यालाही उत्तर दिलं: अक्कलदाढ काढून घ्या.

त्या सोमवारी ताई कामावर गेल्या त्या जरा मान ताठ ठेवूनच. आणि अकराच्या सुमाराला पुढच्या खोलीतून आवाज आला, "कुठे आहेत त्या बनवणाऱ्या बाई? त्यांना बाहेर बोलवा."

निवृत्त हेडमास्तर होते. गेल्याच महिन्यात ताईंनी त्यांना वरची-खालची पूर्ण कवळी करून दिली होती. बाकावर सहा पेशंट बसले होते, त्या सहाजणांसमोर हेडमास्तरांनी सुरुवात केली.

"वरची ओळ उत्तम. वरच्या ओळीला दहापैकी नऊ. खालची मात्र," इथे कवळीने टक् असा आवाज केला, "ही खालची. मी बोलतो आणि ही टाळ्या वाजवते. परवा एका मयताला गेलो होतो. शोकाचे दोन शब्द बोललो. टक्, टक्. लोक माझ्याकडे बघायला लागले हो!"

"सर, खालची चार दिवसांत मागितली होती," ताई हळूच म्हणाल्या. "एरवी मी तिला दहा दिवस घेते. मेणात बसवून एकदा तुमच्या तोंडात बघायची असते, ते राहिलं."

"बाई," हेडमास्तर म्हणाले, "माझ्या तोंडात काही तुमचे चार दिवस नाहीत. कवळी आहे."

बाकावरचे सहाच्या सहा हसले. त्यात दोघांना दात नव्हते, तरी हसले. डॉक्टरांनी, चार दिवसांची घाई ज्यांनी केली होती त्यांनी, आतल्या खोलीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. ताईंनी खालची कवळी काढून घेतली, "शुक्रवारी या सर, नीट करून देते," म्हणाल्या आणि मागे येऊन दिव्यासमोर नुसत्याच बसून राहिल्या. सव्वीस वर्षांत चारचौघांत असं कुणी बोललं नव्हतं. आणि लागलं ते अशासाठी की मास्तरांचं एक अक्षर खोटं नव्हतं.

घरी आल्या तर भाचीने एक निरोप पुढे पाठवलेला. साईटवर त्यांच्या नावाने आला होता.

"ताई, नमस्कार. एक्कावन्नवाला मी. मूळ कंपनी लांबची आहे. तिला वेळ पुरेनासा झाला की हालचालीतली मधली चित्रं काढायचं काम आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी येतं. आम्ही चौघं आहोत. पुलाची लढाई नऊ दिवसांत हवी होती. ड्रॅगनचा नमुना म्हणून जो कागद आला त्यात त्याचं तोंड मिटलेलं होतं. आत किती दात आहेत असं आम्ही विचारलं, पण उत्तराआधी तारीख आली. मग ज्याने त्याने अंदाजाने काढले. अडतीसवाली माझ्या शेजारी बसते. पट्टीवाल्याला तेव्हा सणसणून ताप होता, तरी येऊन बसला होता. तुमचा रिपोर्ट आम्ही मोठ्याने वाचला. खूप हसलो. फक्त पट्टीवाला हसला नाही."

ताईंनी तो तीनदा वाचला. मग फोन उपडा ठेवला. जेवताना भावाने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. मी एका आजारी माणसाला नावं ठेवली."

"मग माफी माग."

"दात चुकलेत ते चुकलेतच ना पण!"

"मग मागू नकोस," भाऊ म्हणाला आणि त्याने अजून भात घेतला. भावाचा सल्ला हा असा, दोन्हीकडून उघडणाऱ्या दारासारखा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्टखाली पुरवणी जोडली: "हे कोणी केलं असं मी विचारलं, किती दिवसांत केलं हे विचारलं नाही. ते चुकलं. दात तरीही चव्वेचाळीसच." आणि एक्कावन्नवाल्याला वेगळं लिहिलं, "ड्रॅगन तोंड परत कधी उघडणार आहे?"

उत्तर आलं, "अकराव्या भागात. हसतो तो, चांगला खदखदून. पुढच्या सोमवारी सुरू करतोय. कागदावर तोंड अजून मिटलेलंच आहे."

ताईंनी कॅलेंडर बघितलं. सोमवार. मधले दिवस सहा. मेण दवाखान्यात होतं, हात रिकामे होते.

पहिल्या सीझनमध्ये ड्रॅगन जिथे जिथे जांभई देतो, ओरडतो, शिंकतो त्या सगळ्या जागा त्यांनी थांबवून थांबवून बघितल्या. वर बावीस, खाली बावीस. वरचा उजवा सुळा टोकाशी तुटका, कारण पूर्वी कधीतरी त्याने देवळाची घंटा चावून बघितली होती. दाढा गाईसारख्या सपाट, म्हणजे हा म्हातारा चोरून गवत खात असणार, हे शोधून काढल्यावर तर त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. रोज काम संपल्यावर तासभर त्या मेणाचा जबडा घडवत बसायच्या. हेडमास्तरांची खालची कवळी आणि ड्रॅगनचा जबडा एकाच टेबलावर शेजारी शेजारी होत होते. मास्तरांच्या कवळीला मात्र त्यांनी जरासुद्धा हयगय केली नाही, आधी ती, मग ड्रॅगन.

गुरुवारी डॉक्टर काही विचारायला म्हणून मागे आले आणि दारातच थबकले. टेबलावर टोपलीएवढा जबडा उघडा पडला होता.

"ताई," डॉक्टर जपून म्हणाले, "हा पेशंट... मी तपासलाय का?"

"नाही. परगावचा आहे."

"माप कोणी घेतलं?"

"कोणीच नाही. टीव्हीवरून."

 मग डॉक्टरांमधला डॉक्टर जागा झाला. पुढे येऊन त्यांनी जबडा हळूच मिटून बघितला. "चावा उजवीकडे बसत नाही हो. याने चावलं तर जीभ कापून घेईल."

"खरंच की," ताई म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून अर्धा तास ड्रॅगनचा चावा बसवला.

शुक्रवारी हेडमास्तर आले. त्यांना मागच्या खोलीतच बोलावलं होतं, तोंडात बसवून बघायला. खुर्चीत टेकतात न टेकतात तो त्यांची नजर टेबलावर गेली.

"बाई, ते माझ्यासाठी नाही ना?"

"नाही सर. तुमचं हे."

मास्तरांनी नवी कवळी बसवली. "शोकाकुल," ते म्हणाले. आवाज नाही. "कृतज्ञता. कर्तव्यदक्ष. टाळाटाळ." एकदाही टक् नाही. त्यांनी आरशात बघून मान डोलावली. "सव्वानऊ," म्हणाले, "पाव मार्क उशिराचा कापला." बाकीचा अर्धा मार्क कुठे गेला हे विचारायचा ताईंना धीर झाला नाही.

शनिवारी भावाने फोन धरला आणि ताईंनी जबडा फिरवला. समोरून, बाजूने, खालून, अर्धा उघडा, पूर्ण उघडा, असे वीसेक फोटो निघाले. प्रत्येक दाताला नंबर घातलेला. एक्कावन्नवाल्याचं उत्तर एकाच ओळीचं आलं, "ताई, पट्टीवाल्याने फोटो छापून टेबलासमोर लावलाय."

अकरावा भाग आला तेव्हा भाऊ पेपर न घेता येऊन बसला. म्हणे सहज. ड्रॅगन हसला. मान मागे टाकून, पडदाभर हसला, आणि चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस दात आपापल्या जागी होते, खालच्या ओळीतला सहावा किंचित वाकडा. तो ताईंनी मुद्दाम लावला होता. पहिल्या सीझनमध्ये तो सरळ होता, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. भावाने टाळी वाजवली आणि इकडेतिकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणी वाजवली.

आता पंचाईत अशी की रिपोर्ट लिहायचा होता. ताई बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसल्या. मग लिहिलं: "या भागातल्या दातांशी माझा संबंध आहे, त्यामुळे दातांबद्दल मी बोलणार नाही. हातांबद्दल बोलते. शेवटच्या प्रसंगात मुलगी दोन्ही हातांनी घंटा उचलते. दोन्ही हात डावे आहेत."

खाली एक्कावन्नवाल्याने कळवलं, "तो हात माझा. ताप वगैरे काही नव्हता."

महिन्याभराने भाची चार दिवसांची रजा काढून आली. रविवारी सकाळी दोघी बसल्या आणि बाराच्या बारा भाग सलग लावले. चौथा सुरू झाला तशी ताई रिमोट हातात घेऊन सरसावल्या. कुठे थांबवायचं ते त्यांना पाठ होतं. आठ माणसांचं सैन्य आलं, डोंगर धावला, दाढी हलली. मुलगी एकटीच पुलावर गेली, आपली घंटा तिने नदीत सोडून दिली आणि ड्रॅगनला म्हणाली, तू जा, माझं मी बघते. ड्रॅगनने तोंड उघडलं.

"ही बघ!" ताई म्हणाल्या. "ही पट्टी!"

 त्यांनी वळून बघितलं तर भाचीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाक लाल झालं होतं.

"कुठली पट्टी?" ती म्हणाली. "आत्या, सरक ना जरा बाजूला. दिसत नाहीये मला."

ताई सरकल्या.

संध्याकाळी चहा घेताना भाचीने फोन काढून स्वतःचा रिपोर्ट लिहिला आणि न विचारता टाकूनही दिला: चौथा भाग सगळ्यात भारी आहे, आमच्या आत्याला दात दिसतात, गोष्ट दिसत नाही. ताईंनी तो वाचला, त्यांना राग आला, आणि पुढचा तासभर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. नाक नसलेल्या मुलीसाठी रडू येऊच कसं शकतं, हा ताईंचा मुद्दा. रडताना नाक कोण बघतं, हा भाचीचा. भाऊ मध्ये पडायला गेला तर दोघींनी मिळून त्याला गप्प बसवलं.