डिंपलची हिरवी खूण

मूल शहरातल्या कुठल्याही राइस मिलची वेबसाइट उघडा, ती डिंपलनंच केलेली निघायची. ओळखायला अगदी सोपी. वर पिकलेल्या धानाचा फोटो, खाली फोन नंबराचा चौकोन, आणि मध्ये मालकाची दोन वाक्यं, ज्यांत 'गुणवत्ता' हा शब्द हटकून असायचा. मालकांना त्याचं काही वाटत नसे. डिंपलला वाटे, पण पोटापाण्याचं काम म्हणून ती गप्प बसे आणि आपला जीव दुसऱ्या एका कामात ओती.

ते दुसरं काम तिच्या गावाचं होतं. मोहबोडी. मूलहून एसटीनं निघालं की फाट्यावर उतरायचं आणि पुढे जंगलातून पायी जायचं. तिथं तिचा बाप डोमा तलावात जाळं टाकतो, आई कुंता पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाते आणि उन्हाळ्यात मोह वेचते. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, त्या मोहल्ल्यातून चंद्रपूरला राहून कॉम्प्युटर शिकलेली डिंपल ही पहिलीच. शिकली ती चांगलीच शिकली, आणि ते तिला ठाऊकही होतं, जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा. गिऱ्हाइकाचा फोन आला की 'वेबसाइटचं पान चालत नाही', तर ती आधी माणूस तपासायची, मग कोड. बहुतेक वेळा चूक माणसाचीच निघे. कुणी भलतंच बटण दाबलेलं असे, कुणाचा रिचार्ज संपलेला असे. असं वारंवार झालं की माणसाला सवय लागते, आणि डिंपलला ती लागली होती.

मोहबोडीभोवती वाघ आहेत. तिथं ही काही बातमी नाही. आज कुठल्या बाजूला आहे, एवढंच लोक विचारतात. म्हणून डिंपलनं गावासाठी एक पान बनवलं. गावानं पहाटे फिरायला राखणदार ठेवला होता. त्याला वाघ दिसला की त्यानं फोनवर ते पान उघडायचं, जागा निवडायची आणि बटण दाबायचं. ज्यांच्याकडे फोन त्यांना सर्व्हरवरून साधा एसएमएस जाई, आणि ती माणसं हाक मारून बाकीच्यांना सांगत. मोहाच्या दिवसांत याचा मोठा आधार. मोह पहाटे गळतो. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या असतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

पान पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गावानं त्याची टर उडवली होती. बटण दाबलं की पडद्यावर एक चक्र फिरत बसे. नेटवर्क मरतुकडं, सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागे, आणि तोवर राखणदार कंटाळून पुन्हा पुन्हा बटण दाबी. मग एकाच वाघाचे पाच वाघ होत. "डिंपलच्या मशीनमंदी वाघिनीले पिल्लं झाले," असं पोरं म्हणत. डिंपलला थट्टा सोसत नाही. तिनं एका दुपारीच तो प्रकार बंद केला. बटण दाबताक्षणी हिरवी खूण दिसायची, खाली 'पोचलं' असं लिहून यायचं, आणि खरा निरोप मागच्या मागे सर्व्हरकडे जायचा. पानानं उत्तरासाठी खोळंबायचं नाही. तिच्या धंद्यात ही मान्य रीत आहे. म्हणजे कसं, की लेकीचा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिला आणि घरी येऊन सांगितलं, पोरगी जेवली. बहुतेक वेळा पोरगी जेवलेलीच असते. गाव खूश झालं. मशीन आता फास्ट झाली म्हणाले.

मग चैत्रातल्या एका सकाळी मोह वेचताना बायनाबाईवर वाघानं झडप घातली.

बायनाबाई म्हणजे डिंपलच्या लहानपणी तिला न्हाऊ घालणारी शेजारीण. बाजूच्या बौद्ध मोहल्ल्यातली, पण दोन्ही अंगणांत तिचा सारखाच वावर. ती वाचली. लोक ओरडत धावले, वाघ सोडून गेला. पण उजवा खांदा गेला तो गेलाच. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिचा मुलगा राजदीप तिला घरी घेऊन आला, तेव्हा तिच्या हातात साधा चमचाही धरवत नव्हता.

त्या सकाळी राखण पोचूची होती. पोचू म्हणजे वयानं उतरता, शब्दानं कमी, सणावाराला घेणारा आणि एरवी सरळ चालणारा माणूस. त्याचं म्हणणं एकच होतं. वाघ बायनाबाईच्या मोहाकडे जाताना दिसला, म्हणून पोचू तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढला आणि त्यानं बटण दाबलं. पण गावात एकाच्याही फोनवर काही आलं नव्हतं. समाजमंदिरात बैठक बसली आणि डिंपलला मूलहून बोलावणं गेलं.

"डिंपल, तुह्या मशीनमंदी पाहून सांग," राजदीप म्हणाला. "पोचूभाऊनं टाकलन का नाई?"

तिनं लॅपटॉप उघडला. सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक निरोपाची आपोआप नोंद राहते. त्या सकाळची जागा कोरी होती. इथं तिला म्हणता आलं असतं, की सर्व्हरपर्यंत आलं नाही एवढंच मला दिसतं, वाटेत काय झालं ते बघावं लागेल. ते खरं झालं असतं. पण सगळं गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं आणि तिच्या डोक्यात जुनी सवय जागी होती.

"त्यायच्या फोनवरून काईच आलं नाई," ती म्हणाली.

"मी तं दाबलो, बाई," पोचू म्हणाला. "हिरवी खून आली होती."

"खूण आली असती तं इथी दिसलं असतं, भाऊ."

ती हे आवाज न चढवता म्हणाली, समजावणीच्या सुरात. त्यामुळे ते आणखीच खरं वाटलं. पोचू झोपला होता, घेऊन पडला होता, असं बैठक उठायच्या आत ठरलं. त्याची राखण काढून अमर नावाच्या तरण्या पोराला दिली. डिंपल संध्याकाळच्या गाडीनं मूलला परतली. बायनाबाईसाठी तिचा जीव तुटत होता, पोचूचा रागही येत होता, आणि आपलं पान निर्दोष निघालं याचं बारीकसं समाधान होतं, जे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही.

पुढं तेंदूपानांचा हंगाम लागला आणि आईचा फोन आला. घरचं बोलता बोलता कुंता म्हणाली, "अमर म्हने, कालचा वाघ टाकला. पन कोनालेच दिसला नाई. बरं झालं, त्या अंगानं कोनी गेलंच नवतं."

"अमर झोपला असंल," डिंपल म्हणाली.

"तो कायचा झोपते. भेवानं थरथरत होता सकाळवरी."

फोन ठेवल्यावर डिंपलला पाणी गोड लागेना. तिनं त्या सकाळची नोंद काढली. कोरी. मग ती हात धुऊन त्या पानाच्या मागे लागली. सर्व्हरचा कोड ओळ न् ओळ वाचला, ठीक होता. माहिती साठवायची जागा भरली असेल म्हणून पाहिली, भरपूर शिल्लक होती. ऑफिसात बसून बटण दाबलं की नोंद टपकन येई. ब्राउझरमध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करायची सोय असते, ती लावून दाबलं. उशिरा आली, पण आली. काही केल्या तिला ती चूक घडवता येत नव्हती, आणि जी चूक आपल्याला घडवता येत नाही ती आपली नाही, असं मानायला तिला फार आवडलं असतं. पण अमरचं थरथरणं डोक्यातून जाईना. राइस मिलवाले फोन करून थकले. शेवटी तिनं लॅपटॉप पाठीला लावला आणि मोहबोडी गाठली.

मोहबोडीत साधा फोन आणि एसएमएस कुठंही चालतो, पण इंटरनेट फक्त तलावाच्या पाळीवर मिळतं. हे सगळं गाव जाणतं आणि त्याचा एक रिवाज होऊन बसला आहे. पाळीवर चढायचं, डेटा चालू करायचा, काम करायचं, आणि काम झालं की तिथंच डेटा बंद करून खाली उतरायचं. चालू ठेवला तर फोन इंटरनेट शोधून शोधून दुपारपर्यंत मरतो, आणि लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. पोरं चालायला शिकतात तसं हे शिकतात.

ऊन उतरत होतं. खाली डोमा आपला डोंगा काठाला बांधत होता. डिंपलनं डेटा चालू करून आपल्या फोनवर पान उघडलं, जागा निवडली, बटण दाबलं. हिरवी खूण आली. 'पोचलं.' ती उतरायला वळली आणि जागच्या जागी थांबली. तिनं हातातल्या फोनकडे पाहिलं. डेटा बंद होता. तिनं तो कधी बंद केला हे तिला कळलंच नव्हतं. आंगठ्यानं केला होता, खूण दिसताक्षणी, लहानपणापासून करत आला तसा.

तिनं डेटा पुन्हा चालू करून सर्व्हरवरच्या नोंदींची यादी पाहिली. तिनं आत्ता टाकलेला वाघ तिथं नव्हता.

ती पाळीवरच बसली. नेटवर्क बरं असलं की निरोप आंगठ्याच्या आधी निसटत असणार; मरतुकडं असलं की तो फोनमधून बाहेर पडायच्या आतच दार बंद होत होतं. पानाला ते कळतही होतं, कारण निरोप फसला तर काय करायचं यासाठी कोडमध्ये एक जागा असते. डिंपलनं ती जागा रिकामी ठेवली होती. मागाहून भरू म्हणून. मूलच्या वायफायवर निरोप कधी फसलाच नाही, आणि ती जागा तशीच राहिली. इथली लेक असून तिला इथल्या आंगठ्याची आठवण झाली नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली. ती उठली आणि आधी बायनाबाईच्या घरी गेली.

राजदीपनं सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "म्हंजे पोचूभाऊनं दाबलन होतं?" एवढंच त्यानं विचारलं.

"दाबलन होतं," डिंपल म्हणाली. "माहीच चूक होये. मी बैठकीत सगळ्यायच्या म्होरं सांगतो."

बाजेवर पडलेली बायनाबाई तिच्याकडे बघत राहिली. "पन पोरी," ती म्हणाली, "पोचू तं परवा इथी आला होता. पाय धरून रडला. म्हने, बाई, माहा डोळा लागला होता."

डिंपलला वाटलं, गावानं छळून छळून त्याच्याकडून हे वदवून घेतलं. त्याला आधी सोडवलं पाहिजे. ती जवळजवळ पळतच त्याच्या घरी गेली.

पोचू अंगणात जाळं विणत होता. राखण गेल्यापासून हेच काम. डिंपल मातीतच बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, पाळ, डेटा, आंगठा, रिकामी जागा. आता खूण लगेच येणार नाही, सर्व्हरनं मिळालं म्हटल्यावरच येईल, आणि निरोप फसला तर फोन तो जपून ठेवील व पुन्हा पाठवील, हेही सांगितलं. तो सुई थांबवून ऐकत होता.

"मंग मी खरा होतो?" त्यानं विचारलं.

"होय, भाऊ. तुमी खरं बोलत होते. मीच तुमाले खोटं पाडलो."

तिला वाटलं, आता तो शिव्या देईल, नाही तर रडेल. त्यानं सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"पन बाई," तो म्हणाला, "मले तं झोपच आठवते."

"तुमी कबूल केले ते लोकायच्या भेवानं, भाऊ."

"भेवानं नाई. पयले मले बटन आठवे. हिरवी खून आठवे. मंग सारे म्हनत, तू झोपला. मी म्हनलो, मशीनले काय पडलं खोटं बोलाले. ते काई माही वैरी नाई. रोज बसून इचार करो, कसं झालं असंल, कसं झालं असंल. मंग आठवलं. झाडाले टेकलो, डोळा लागला, बायनाबाईच्या आवाजानं उठलो. आता डोळे मिटलो का तेच दिसते. बटनाचं दिसतच नाई."

"तसं झालंच नाई, पोचूभाऊ."

"तू होतीस का तिथी?"

त्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. डिंपलच्या ध्यानात आलं, की आपल्याकडे पुरावा आहे तो आपल्या चुकीचा. निरोप असा हरवू शकतो, एवढंच तिनं पाळीवर पाहिलं होतं. त्या पहाटे पोचू जागा होता हे तिला दिसलं नव्हतं, आणि ज्या एका माणसाला दिसलं होतं त्याची आठवण तिनं बैठकीतल्या एका वाक्यानं पुसली होती.

"तुह्या मशीनमंदी पाहून सांग ना," पोचू म्हणाला. "मी जागा होतो का."

लॅपटॉप तिच्या पाठीलाच होता. तिनं तो काढला नाही. जे पोचलंच नाही त्याची नोंद कुठेच राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"त्याच्यात दिसत नाई, भाऊ," ती म्हणाली. "पन तुमी जागे होते."

पोचूनं तिच्याकडे पाहिलं. समजूत घालायला आलेल्या लेकराकडे पाहावं तसं.

"मंग तुले कसं मालूम," तो म्हणाला, आणि जाळ्यातला पुढचा फासा ओढू लागला.