धरलेली जागा

प्रोग्राम लिहिण्यात हयात घालवलेल्या त्या माणसाला ऑफिसात सगळे तोंडावर काका म्हणत आणि माघारी खडूस. प्रोग्राममधली यादी रिकामी करायची म्हणून कुणी ती टाकून देऊन नवी बनवली, की काकांचा पारा चढायचा. "यादी आकड्यांची असो की नावांची, नुसतं क्लिअर म्हणा! आतलं सगळं जातं, पण मेमरीत तिच्यासाठी धरलेली जागा तशीच राहते. उद्या पुन्हा भरायचीच आहे ना?" हे ज्या पोरीच्या डोक्यात त्यांनी घासून घासून बसवलं, ती आता त्यांची साहेब झाली होती.

शुक्रवारी तिनेच काकांच्या अख्ख्या टीमला नारळ दिला. काका डबा पिशवीत कोंबत होते. शिपाई टेबलांवरच्या नावाच्या पट्ट्या खरवडून काढत होता. खुर्च्यांना मात्र कुणी हात लावत नव्हतं.

"आणि या खुर्च्या?" काकांनी विचारलं.

"राहू द्या, काका," ती नजर चुकवत म्हणाली. "सोमवारी निम्म्या पगारावर नवीन मुलं येतायत."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पिशवी उचलून ते एवढंच म्हणाले, "शाब्बास, पोरी. माझं एवढं तरी नीट शिकलीस."