खैरुन्निसाच्या बोटांना पाठ असलेली मनगटं

तुमचं मनगट नेमकं कुठं असतं हो? बोट ठेवून दाखवा पाहू.

जळगाव जामोदच्या बाजारात बांगड्या भरणारी खैरुन्निसा म्हणायची, "बांगडी येऊन टेकते ते मनगट. वर हात, खाली पंजा." शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण तीस वर्षांत तालुक्यातल्या बायांची मनगटं तिच्या बोटांना पाठ झाली होती.

दसऱ्याआधीच्या बाजारी तानुबाई तिच्यापुढं बसली. चार दिवसांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवर पडली होती. नवऱ्यानं, मोतीरामनं, गाडी जुंपून सरकारी दवाखान्यात नेलं. पण आपली रीत अशी की बाई गाडीतच बसणार आणि तिचं दुखणं नवरा आत जाऊन सांगणार! "बायकोचा हात दुखते," तो म्हणाला. डॉक्टरनं न बघताच चोळायला तेल दिलं. धन्य दोघांची!

खैरुन्निसानं उजवा हात मांडीवर घेतला, सुजेवरून अंगठा फिरवला आणि बांगड्या खाली ठेवल्या.

"मी भरत नाही. संक्रांतीले हे मनगट असं नव्हतं, तानू. हाड सरकलं."

"मुरगळलं हाय वो. भर."

"मंग कापूस कोण वेचीन? हा हात जल्मभर वाकडा राहीन."

"नवरा जिता हाय माहा. रिकाम्या हातानं घरी जाऊ?"

"डाव्यात भरतो. उजव्याच्या माह्याजवळ अमानत, हात बरा झाला का घेऊन जाय."

तानुबाईचे डोळे भरले. पण डाव्या हातात भरून घेऊन ती उठली. खैरुन्निसा पेटी झाकून तिच्यासोबत मोतीरामच्या गाडीत बसून दवाखान्याकडं निघाली. दवाखान्याच्या दारात मोतीराम पुढं झाला, "मी सांगतो डॉक्टरले."

"तुम्ही बैलं धरा, भाऊ. मनगट तिचं, तोंडही तिचंच."

तानुबाई आत गेली. पदर सावरत तिनं जागेवर बोट ठेवलं, "इथं. मनगटात." डॉक्टर आता मात्र वाकून पाहू लागला. ओशाळला. हाड ओढून बसवलं, फळ्या बांधल्या.

दीड महिन्यानं फळ्या सुटल्या. तानुबाई बाजारात आली ती थेट शेतातून, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले.

"आण वो माह्या बांगड्या! मोठी आली डॉक्टरीण!"

खैरुन्निसानं मनगट दाबून पाहिलं. "आता वळखलं," म्हणाली, आणि एकेक बांगडी चढवली.

बायांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या दवाखान्यात जाईल. गाडीतून खाली उतरा, आत जा आणि जिथं दुखतं तिथं स्वतःचं बोट ठेवून सांगा.